हौतालांच्या घरचा पाहुणा

आधीच सांगतो, ऱ्हस्व-दीर्घ माझं कच्चं आहे. शाळा सोळाव्या वर्षी सोडली, आणि सोडली तेव्हा परत ये म्हणून कुणी मागे लागलं नाही. शब्द साधेच येतील. चुका पदरात घ्या. ज्याची ही गोष्ट आहे त्याला मी एमेट म्हणणार आहे, आणि ‘तो’ म्हणणार आहे. ‘मी’ लिहिलं की माझा हात पुढे सरकत नाही.

१

एमेट सॅलो सकाळी उठला की तोंड धुवायच्या आधी तळघरात जायचा.

तळघरात वॉल्ट हौतालांच्या माशांच्या टाक्या होत्या. तिन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत टाक्याच टाक्या, आणि मधोमध एक मोठी, जिच्या दोन्ही बाजूंनी फिरता यायचं. बाहेर खिडकीच्या वरपर्यंत बर्फ चढलेलं असे आणि खाली मात्र पावसाळ्यासारखी दमट ऊब. हवेच्या नळ्यांची एकसारखी बुडबुड. एमेट दिवे एकदम लावत नसे. आधी कोपऱ्यातला, मग थोडं थांबून पुढचा. अंधारातून एकदम उजेडात आलेला मासा बिथरतो आणि काचेवर डोकं आपटून घेतो. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याला स्वतःलाच तसं व्हायचं.

गावात जनावरांच्या खाद्याचं एक दुकान आहे, तिथे तो कामाला होता. दुकानाच्या मागच्या अंगाला माशांचा छोटा विभाग. हौताला नवरा-बायको तिथे नेहमीचे. वॉल्टने उभी हयात रस्त्यावरचं बर्फ काढायच्या गाडीवर घालवली होती, मर्ना शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली होती. एमेट शरद ऋतू संपत आला तरी आपल्या ट्रकमध्येच झोपतो, हे मर्नाला कुठून तरी कळलं. ती दुकानात आली, माशांकडे न बघता थेट त्याच्याकडे आली आणि म्हणाली, तळघराच्या वरची खोली रिकामी आहे, जमीन सुद्धा उबदार असते, चल.

तो गेला. पहिल्याच आठवड्यात तिने त्याच्यासाठी निळा स्वेटर विणायला घेतला. वॉल्टने त्याला सॉनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीची, भट्टी पेटवायला शिकवलं. शनिवारी वेलदोड्याच्या पावाचा वास घरभर असे. नवरा-बायको एकमेकांशी इतक्या गोडीने वागायचे की बघणाऱ्याला ओशाळल्यासारखं व्हावं. जाता-येता तो तिच्या पाठीवर हात ठेवणार, ती त्याच्या ताटातलं सांडलेलं पुसणार.

एमेटच्या आईच्या घरी असं नव्हतं. तिथे आई आणि सावत्र बाप भांडायचे, आणि भांडण कळसाला पोचलं की दोघं मिळून एमेटवर घसरायचे. मग घर शांत व्हायचं. तो निघाला तो त्यालाच कंटाळून.

इथे रविवारी चर्चच्या दारात मर्ना त्याच्या दंडाला धरून लोकांना सांगायची, “हा आमचा पाहुणा.”

त्याला आजवर लोक पुष्कळ काही म्हणाले होते. पण त्याच्या आधी ‘आमचा’ कुणी लावलं नव्हतं.

२

नाताळानंतर कधीतरी त्याला बाहीचं लक्षात आलं.

चौकड्याच्या सदऱ्याची उजवी बाही मनगटापाशी गेली होती. उसवली नव्हती, फाटली नव्हती. काठाचा एक तुकडा नव्हताच. नखाच्या आकाराचा, अर्धगोल. एमेटला वाटलं, दुकानाच्या फाटकाच्या कडीत अडकली असेल. पण कडी ओढते, ती असा गोल काढत नाही. मग त्याला वाटलं कसर असेल. कसर लोकरीला लागते, हा सदरा सुती. मग धुण्याच्या यंत्रावर संशय गेला. ते जुनं होतं, आवाज करायचं, त्यामुळे त्याच्यावर ठपका ठेवणं सोपं होतं.

पुढच्या दिवसांत पँटच्या पायाच्या काठाला तसाच अर्धगोल. मग अंथरुणाच्या चादरीला. मग लोकरी टोपीला, कान झाकतात तिथे. निळ्या स्वेटरला मात्र काही नव्हतं, त्यामुळे तो स्वेटरच जास्त घालू लागला.

आणि पलंग हलायचा.

कामावरून आला की पलंग जरासा तिरका. कधी कपाट खिडकीकडे सरकलेलं. एकदा तर उशी पायथ्याशी. मर्ना झाडझूड करत असणार, त्यात नवल काय? पण शाळेच्या स्वयंपाकघरात उभं राहून राहून गुडघा कायमचा गमावलेली बाई ओकचं कपाट एकटी कशी सरकवेल, हा प्रश्न त्याला पडायचा. विचारायचं धाडस व्हायचं नाही. ज्याला आयतं छप्पर मिळालंय त्याने छपराखालच्या पलंगाची दिशा विचारू नये, असं तो स्वतःला सांगायचा.

एक गोष्ट मात्र त्याने मनातच ठेवली. रोज संध्याकाळी आत शिरलं की पहिला क्षणभर ती खोली आपली आहे असं वाटायचं नाही. कुठे उभं राहायचं ते कळायचं नाही.

३

मधल्या मोठ्या टाकीत वॉल्टची लाडकी जोडी होती. नारिंगी सिक्लिड. नर हातभर लांब, कपाळावर नारळाच्या वाटीसारखा उंचवटा. मादी त्याच्याहून थोडी लहान. दोघं टाकीभर जोडीने फिरायचे, अंगाला अंग लावून. त्यांच्याच टाकीत एक रुपेरी मासा होता. तो मागच्या कोपऱ्यात, पाण्याच्या नळीच्या आड उभा असायचा. शेपटीच्या झिरमिळ्या झाल्या होत्या. परांचे काठ कुरतडलेले. कुणी त्याला चावताना एमेटने कधी पाहिलं नव्हतं. सकाळी दिवा लावला की शेपटी कालच्यापेक्षा थोडी कमी असायची, एवढंच.

त्याला दया आली. त्याने वॉल्टला विचारलं, याला वेगळा काढू का?

वॉल्ट हसला. म्हणाला, “तो काढलास ना, तर ही दोघं एकमेकांना जिवंत ठेवणार नाहीत. मोठे मासे असेच असतात, पोरा. अंगात मस्ती असते, ती कुठेतरी जायला हवी.”

मग तो बाह्या सरसावून टाकीत हात घालून दगड हलवू लागला. हे तो महिन्यातून दोनदा तरी करायचा. डावीकडची गुहा उजवीकडे, सपाट दगड उभा. रुपेरी मासा आपली नळी सोडून सैरावैरा धावला. माशाला एक दगड आपला वाटायला लागला की तो भांडायला उभा राहतो, वॉल्ट सांगत होता. याला भांडू द्यायचं नाही. याने फक्त असायचं.

“याचं नाव काय?” एमेटने विचारलं.

“नाव कशाला? नाव ठेवलं की जीव लागतो.”

त्याच आठवड्यात एमेट हातमोजे शोधत होता. कपाटाच्या वरच्या फळीवर जुन्या कपड्यांचं गाठोडं होतं, ते त्याने खाली काढलं. सदरे होते. एक त्याला आखूड, एक खांद्यात फार रुंद, एक अगदी किडकिडीत पोराचा. सगळ्यांच्या बाह्यांचे काठ अर्धगोल अर्धगोल गेलेले, शिंपल्याच्या कडेसारखे. त्याने पुन्हा नीट घड्या घातल्या आणि गाठोडं होतं तसं ठेवून दिलं. धुण्याचं यंत्र फारच जुनं असलं पाहिजे, असा विचार त्याने केला. केला म्हणजे ओढूनताणून केला.

४

फेब्रुवारीत मासे पाळणाऱ्यांच्या मंडळाचा लिलाव होता, चर्चच्या खालच्या दालनात. एमेटला गर्दी नको वाटायची, पण पिशव्या उचलायला माणूस हवा म्हणून वॉल्टने त्याला नेलं. लांब टेबलांवर पाण्याने फुगलेल्या पिशव्या, प्रत्येकीत एक-दोन मासे. कॉफी, बिस्किटं, आणि गेल्या वर्षी कोणाचा हीटर बिघडून सगळी टाकी कशी उकडली त्याची तीच ती थट्टा.

लिलाव चालवणाऱ्याला एका नव्या बाईने हात वर करून विचारलं, माझ्याकडे जोडी आहे, नर मादीला मारून टाकील अशी भीती वाटते, काय करू?

चार-पाच जण एकदमच म्हणाले, “पाहुणा घाल.”

बाईला कळलं नाही. तेव्हा आर्विड नीमी नावाच्या म्हाताऱ्याने तिला समजावलं. तिसरा मासा घालायचा. फार दुबळा नको, मरेल. फार तापट नको, उलटेल. गरीब, चपळ, लपणारा हवा. मग जोडी त्याच्यावर राग काढते आणि आपसांत गोड राहते. “आमच्याकडे त्याला पाहुणा म्हणतात,” आर्विड म्हणाला. “पाहुण्यापुढे नवरा-बायको भांडत नाहीत ना, म्हणून.”

दालन हसलं. मर्ना हसली, वॉल्ट हसला. सगळे हसतायत म्हणून एमेटही हसला, आणि हसता हसता त्याचं हसू तसंच तोंडावर राहून गेलं, कारण आर्विड हसत नव्हता. तो एमेटच्या डाव्या कानाकडे बघत होता.

पिशव्या ट्रकमध्ये ठेवताना आर्विड त्याच्या बाजूला येऊन उभा राहिला. हवामानाचं काहीबाही बोलला. मग हळूच म्हणाला, “मागचा तुझ्याएवढा उंच नव्हता.”

“मागचा कोण?”

“तू भला दिसतोस,” आर्विड म्हणाला, आणि वॉल्ट येताना दिसल्यावर मफलर सारखा करत निघून गेला.

घरी आल्यावर एमेटने आरशात कान पाहिला. पाळीच्या काठाला छोटीशी खोबण होती. जखम नव्हे. बरी झालेली, जुनी, गुळगुळीत. हिमदंशाने असं होतं. ट्रकमध्ये झोपायचा तेव्हा झालं असेल. त्याने कितीतरी वेळ आठवून पाहिलं, पण कान दुखल्याचं त्याला आठवेना.

५

दुसऱ्या दिवशी वादळाचा इशारा आला आणि दुकान दुपारीच बंद झालं. एमेट घरी आला तो पुढच्या दाराने नाही. तळघराला बाहेरून एक झापाचं, वर उचलून उघडायचं दार आहे, बर्फाचं फावडं तिथेच असतं. तिथून तो उतरला. त्याला रुपेरी मासा बघायचा होता. आदल्या रात्रभर त्याच्या मनात तोच होता.

खाली फक्त मधल्या टाकीचा दिवा होता. तो टाकीच्या मागे जाऊन उकिडवा बसला. मासा नळीच्या आड होता, त्याच्या तोंडासमोर, मध्ये फक्त काच. शेपटीचा बुंधा तेवढा राहिला होता.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

हाक मारावी असं त्याला वाटलं. पण लाजऱ्या माणसाची हाक नेहमी एक क्षण उशिरा येते, आणि तो क्षण गेला. वॉल्ट आणि मर्ना खाली आले, बोलत नव्हते. टाकीच्या पलीकडे एकमेकांसमोर उभे राहिले. पाण्यातून त्यांचे आकार हलत होते, नारिंगी उजेडात मोठे होत होते, लहान होत होते. माशांची जोडी त्या बाजूच्या काचेला जाऊन स्थिर उभी राहिली होती, दोघांची तोंडं बाहेरच्या दोघांकडे.

मग वॉल्टने तोंड उघडलं. मर्नानेही उघडलं. आणि दोघांनी एकमेकांचं तोंड तोंडात धरलं.

एमेटने नजर खाली घातली. नवरा-बायको आहेत, त्यांच्या घरात आहेत, आपणच चोरासारखे बसलोय. पण त्याने पुन्हा पाहिलं. त्यांचे हात अंगालगत सरळ लटकत होते. डोळे उघडे होते, आणि ते एकमेकांकडे बघत नव्हते. बाजूला बघत होते, चारही. दोघं एकमेकांना ढकलत होती. वॉल्टची टाच मागे सरकली, मग मर्नाची. कसलाही आवाज नव्हता. फक्त नळ्यांची बुडबुड.

जोडीत बिनसायला लागलं की मोठे मासे असेच तोंडात तोंड धरतात. कोण मागे हटतं ते बघायला. एमेटने ते दुकानात पुष्कळदा पाहिलं होतं. त्याच्यानंतर एकजण मरतो.

ती सुटली. मर्नाच्या ओठातून रक्ताचा थेंब हनुवटीवर आला. आणि दोघांनी, एकाच क्षणी, मान वर केली. छताकडे. तिथे वर एमेटची खोली होती.

“आला नाही अजून,” वॉल्ट म्हणाला. अगदी नेहमीच्या आवाजात.

“येईल की. खोली लावून ठेवू तोवर.”

हातात हात घालून ती जिना चढली. मग एमेटच्या डोक्यावर लाकडी जमिनीवरून पलंग घासत गेल्याचा आवाज आला. कपाटाचा आला. मग थोडी शांतता. आणि मग एक बारीकसा आवाज, शिवताना दातांनी दोरा तोडावा तसा. पुन्हा. पुन्हा. सावकाश, घाई नसल्यासारखा.

रुपेरी मासा आणि एमेट काचेच्या दोन बाजूंनी एकाच कोपऱ्यात बसून राहिले.

६

तो झापाच्या दाराने बाहेर पडला, घराला वळसा घालून पुढच्या दारी आला आणि बुटांवरचं बर्फ मुद्दाम जोरजोरात झाडून आत शिरला. जाणार तरी कुठे? वादळाने रस्ता दिसत नव्हता. आणि आत कुठेतरी त्याला अजून वाटत होतं, विचारलं तर उत्तर मिळेल. साधं उत्तर. ते ऐकून आपण आपल्यालाच हसू.

जेवायला मर्नाने मांस-बटाट्याच्या पेस्टी केल्या होत्या, मोठ्या करंजीसारख्या. तिचा खालचा ओठ सुजला होता. दारावर आपटलं, ती आपणहून म्हणाली.

“पाहुणा म्हणजे काय?” एमेटने विचारलं.

वॉल्टने काटा खाली ठेवला. “आर्विडने सांगितलं ना काल.”

“ते माशांचं.”

“माशांचंच,” वॉल्ट म्हणाला.

मर्नाने टेबलावरून हात पुढे करून त्याच्या हातावर ठेवला. तिचे डोळे खरोखर भरून आले होते, ही गोष्ट एमेट नंतरही विसरू शकला नाही. ती म्हणाली, “तू आल्यापासून आम्ही एकदाही भांडलो नाही, बाळ. एकदाही नाही. आधी हे घर कसं होतं तुला नाही माहीत. हे सुख तुझ्यामुळे आहे.”

आपल्यामुळे एखादं घर सुखी झालं, असं कुणीतरी म्हणावं म्हणून एमेट लहानपणापासून थांबला होता. आता ते म्हटलं गेलं होतं. याच शब्दांत. तिचा हात उबदार होता, आणि जरा दमट.

“आणि मी?” तो म्हणाला.

“तुला काय कमी आहे रे? खायला आहे, ऊब आहे.”

“अधूनमधून खोलीची मांडणीही बदलतो की आम्ही,” वॉल्ट म्हणाला.

“मागचा कुठे गेला?”

“काढला. वेळेवर काढावा लागतो, नाहीतर वाया जातो.”

“कुठे काढला?”

मर्ना उठून ताटल्या गोळा करू लागली. त्याची पेस्टी अर्धीच खाल्लेली होती, पण तिने ताटली उचलली. वॉल्टने जाता जाता तिच्या पाठीवर हात ठेवला, नेहमीसारखा.

खोलीत जाऊन एमेटने पलंग दाराला लावला, त्याला कपाट टेकवलं आणि निळा स्वेटर घालून पलंगावर पाठ टेकून बसला. झोपायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. त्याला राग आला नव्हता. मारणाऱ्याचा राग येतो. जो आधी कुशीत घेतो त्याचा कसा करायचा, हे त्याला माहीत नव्हतं.

७

उजाडलं तेव्हा पलंग खिडकीला लागलेला होता.

एमेट पलंगावरच होता, तसाच बसलेला. आपण झोपलो नव्हतो याची त्याला खात्री होती, म्हणजे उजाडेपर्यंत होती. दार हातभर उघडं होतं. डावा कान चुरचुरत होता. त्याने खाली पाहिलं. स्वेटरच्या छातीवर, बरोबर मध्ये, एक अर्धगोल तुकडा नव्हता.

त्या स्वेटरला आजवर त्यांनी तोंड लावलं नव्हतं. तेवढी एक गोष्ट खरी आहे असं धरून तो इतके दिवस राहिला होता.

त्याने स्वेटर काढला. हातात घेऊन तळघरात गेला. दिवे एकदम लावले नाहीत, आधी कोपऱ्यातला, मग पुढचा. बादलीत टाकीचंच पाणी घेतलं. रुपेरी मासा जाळीत पहिल्याच खेपेला आला, जणू वाटच बघत होता. बादलीला झाकण लावून एमेटने भोवती स्वेटर गुंडाळला, पाणी थंड पडू नये म्हणून.

टाकीत नर आणि मादी नळीपाशी आले. कोपरा रिकामा होता. दोघं तिथे थोडी घुटमळली. मग सावकाश वळून एकमेकांसमोर उभी राहिली, आणि त्यांनी कल्ले फुलवले.

वर, हौतालांच्या खोलीत, काहीतरी जड पडलं. कुणी ओरडलं नाही. पुन्हा पडलं.

एमेट बादली घेऊन पायरीवर उभा राहिला. परत वर जावं, निदान खोकावं, आपण घरात आहोत एवढं कळू द्यावं, असं त्याला वाटलं. इतकं वाटलं की एक पाय वळलासुद्धा. तो घरात आहे एवढं कळलं असतं तरी वरचा आवाज थांबला असता.

मग तो बाहेर पडला. झापाचं दार त्याने हळूच लावलं, त्यांची झोप मोडू नये म्हणून रोज सकाळी पुढचं दार लावायचा तसंच.

रस्त्यावरून बर्फाची गाडी नुकतीच गेली होती. दुकान उघडायला वेळ होता, किल्ली त्याच्याकडे होती. मागच्या विभागात एक टाकी मोकळी होती, पाणी तयार, आत काहीच नव्हतं. त्याने मासा सोडला. मासा सरळ कोपऱ्यात जाऊन नळीच्या आड उभा राहिला, ती जोडी इथेही असल्यासारखा.

एमेटने एक सपाट दगड धुतला, टाकीच्या मधोमध टेकवून उभा केला आणि हात तसाच पाण्यात ठेवून थांबला. कितीतरी वेळ. बाहेर दुकानाचा फोन वाजून वाजून बंद झाला, पुन्हा वाजू लागला.

मासा नळीआडून निघाला. दगडाभोवती एक फेरी मारली. मग झिरमिळी शेपटी ताठ करून तो थेट एमेटच्या हातावर धावून आला आणि बोटाला कडकडून चावला.

एमेटने हात काढून घेतला. बोटावर बारीक अर्धगोल उमटला होता. तो त्याने बघितला, पँटला पुसला, आणि काचेतून पुन्हा आत पाहिलं. मासा दगडापुढे उभा होता, तोंड त्याच्याकडे.

“बरं बाबा,” एमेट म्हणाला, “तुझा दगड.” आणि दोन पावलं मागे सरला.